आई-बाबा ऑक्टोबरात येताहेत, ब्रिटनमधले कोणते महोत्सव दाखवू?

मधुरा_लीड्स

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच लीड्सला येताहेत. उन्हाळ्यातली विमानाची तिकिटं परवडेनात, म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन नोव्हेंबरच्या शेवटी जातील. हे ऐकून इथल्या मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "अगं, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली की चारला अंधार. एडिंबराचा महोत्सव ऑगस्टातच आटपतो. दीड महिना त्यांना काय सुपरमार्केटात फिरवणार?"

मला तिचं पटलं नाही. चार वर्षांत मी बघितलंय की उन्हाळ्यात हा देश बागेत नाहीतर समुद्रावर असतो. सिनेमा, गाणंबजावणं, पुस्तकं यांचे महोत्सव शहराशहरांत सुरू होतात ते पानं गळायला लागली की. आपल्याकडे पाऊस संपून थंडी पडली की गाण्याचे कार्यक्रम सुरू होतात, तसंच.

बाबा सोलापूरचे, वीज मंडळातून निवृत्त, भजनी मंडळात पेटीची साथ करतात. आई पुण्यात शिकत असताना फिल्म आर्काइव्हचे सिनेमे बघत वाढली, सबटायटल्स माझ्यापेक्षा भरभर वाचते. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार जिने नकोत. बजेट बेताचं. लंडनला एकदाच जायचंय, बाकी लीड्सहून जाऊन-येऊन जमेल असं सुचवा.

चकलीचा_सोऱ्या

रुमाल टाकून ठेवतो. रात्रपाळी संपली की सविस्तर लिहितो.

थेम्सकाठचा

मधुराताई, लंडनला एकदाच यायचं असेल तर ऑक्टोबरच्या मध्यावर या आणि आईंना लंडन फिल्म फेस्टिव्हलला न्या. मी नऊ वर्षं रजा काढून जातोय. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी दिवाळीसाठी रजा घेतो. मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

हा महोत्सव १९५७ पासूनचा. वॉटर्लू पुलाखालचं नॅशनल फिल्म थिएटर तेव्हा नुकतंच उघडलं होतं आणि महोत्सवाचा पडदा वर गेला तो जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'थ्रोन ऑफ ब्लड'ने. कान, व्हेनिसच्या महोत्सवांत गाजलेले सिनेमे लंडनच्या साध्या प्रेक्षकाला बघायला मिळावेत, एवढीच मूळ कल्पना, म्हणून त्याला महोत्सवांचा महोत्सव म्हणायचे. इथली सदरलँड ट्रॉफी पहिल्यांदा जपानच्याच ओझूच्या 'टोकियो स्टोरी'ला मिळाली आणि पुढे सत्यजित रायांच्या 'अपूर संसार'ला. आर्काइव्हवर वाढलेल्या बाईला एवढं सांगितलंत तरी गुडघे दुखायचे थांबतील.

आता व्यवहाराचं. सप्टेंबरात आधी सभासदांची विक्री होते, मग सर्वांसाठी खुली. लाल गालिच्याच्या खेळांची तिकिटं महाग असतात आणि पटकन उडतात. त्यांच्या मागे लागूच नका. असले सिनेमे पुढच्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या लीड्सच्याच थिएटरात लागतात, कारण व्हेनिस आणि टोरंटो झाल्यावर लंडन आणि त्यानंतर बक्षिसांचा हंगाम, असं गणित आहे. ज्यांना वितरक मिळालेला नाही ते सिनेमे बघा. कार्यपुस्तिकेत ज्या नावाचा उच्चार करता येत नाही त्यावर खूण करायची, ही माझी पद्धत. मधल्या वारी दुपारचा खेळ स्वस्त पडतो आणि बहुतेक वेळा दिग्दर्शक स्वतः येऊन प्रश्नांना उत्तरं देतो.

'विकलं गेलं' असं दिसलं तरी सकाळ-संध्याकाळ साइट बघत राहा. लोक तिकिटं परत करतात. गेल्या वर्षी एका खेळासाठी मी रांगेत चाळीस मिनिटं उभा होतो. माझ्या पुढच्या आजींना शेवटचं तिकीट मिळालं आणि त्यांनी मागे वळून मला अर्धं सँडविच दिलं. सिनेमा गेला, सँडविच चांगलं होतं.

थिएटरबाहेर पुलाखालीच जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पाऊस असला तरी पुस्तकं कोरडी. बाबांना तिथे सोडा.

कोरडा_पाऊस

दोन माणसं, लीड्स ते लंडन रेल्वे, एक रात्र हॉटेल, वर तिकिटं. एवढ्यात घरी मोठा टीव्ही येईल. महोत्सव हा मध्यमवर्गाचा स्वतःला शहाणं समजून घ्यायचा खर्चिक मार्ग आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

थेम्सकाठचा

दिवे घेतले. पण साठ ओलांडलेल्या माणसाला सीनियर रेलकार्ड मिळतं आणि भाड्यात तिसरा हिस्सा सूट. वय दाखवायला पासपोर्ट पुरतो, पाहुणेही काढू शकतात. आणि आगाऊ तिकीट घेतलंत तर हॉटेलसुद्धा नको, सकाळी येऊन रात्री परत.

तानपुरा_जवारी

काका पेटीवाले आहेत आणि अजून कुणी दरबार महोत्सवाचं नाव घेतलं नाही?

गुरमीत सिंग विर्दी नावाचे तबल्याचे गुरू होते, त्यांच्या स्मरणार्थ मुलाने, संदीप विर्दींनी, २००६ साली लेस्टरमध्ये हा महोत्सव सुरू केला. पुढे तो लंडनला आला, आता शरदात बार्बिकन या कलाकेंद्रात होतो. उल्हास कशाळकर, अश्विनी भिडे-देशपांडे, मंजुषा कुलकर्णी-पाटील, तबल्याला योगेश समसी. आपल्या घरातली वाटावीत अशी सगळी नावं इथे बसून गेली आहेत. यूट्यूबवर त्यांचं चित्रीकरण बघा. कॅमेरा उगाच नाचत नाही आणि तबल्याची शाई मोजता येईल इतकं स्पष्ट दिसतं.

मला तिथे काय आवडतं सांगते. सकाळची मैफल असते, सकाळच्या रागांची. महाराष्ट्रात भैरव ऐकायला मिळतो तो बहुधा संध्याकाळी सात वाजता माफी मागून, नाहीतर रेडिओवर. इथे बाहेर धुकं, लोक कोट काढून मांडीवर घेऊन बसलेत, आणि समोर कुणीतरी तोडी आळवतंय. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या गोऱ्या आजोबांनी समेवर मान दिली. मी त्यांच्याकडे बघत राहिले, समेवर माझीच मान चुकली.

सवाईसारखी भारतीय बैठक, शेव-चिवड्याचे स्टॉल आणि "अरे, तू कधी आलास?" ही हाक मात्र नाही. ती हवी तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जा. ते १९३२ पासूनचं आहे, आणि दिवाळीच्या सुमारास गेलात तर फराळही मिळेल.

चकलीचा_सोऱ्या

झोप झाली. आता रुमाल उचलतो.

लोकहो, लीड्सच्या बाईला तुम्ही लंडन काय दाखवताय? सिनेमाचा जन्म तिच्या गावात झालाय! १४ ऑक्टोबर १८८८. राउंडहे भागातल्या एका बागेत लुई ल प्रँस नावाच्या फ्रेंच जावयाने सासू-सासरे, मुलगा आणि एका पाहुणीला गोल गोल चालायला लावलं आणि हाताने कॅमेरा फिरवला. दोन सेकंदांचं चित्रण. सिनेमाचे जनक म्हणवणाऱ्या ल्युमिए बंधूंच्या आधी सात वर्षं. टिकून राहिलेला जगातला सर्वांत जुना चित्रपट म्हणतात तो हा, आणि त्यात जावई सासूला उलटं चालवतोय. त्या बिचाऱ्या दहा दिवसांनी वारल्या. त्याच सुमाराला त्याने लीड्स पुलावरच्या घोडागाड्याही टिपल्या. १८९० च्या सप्टेंबरात हा गृहस्थ फ्रान्समधल्या दीजाँला पॅरिसच्या आगगाडीत चढला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

त्याचा कॅमेरा ब्रॅडफर्डच्या विज्ञान आणि माध्यम संग्रहालयात आहे. लीड्सहून गाडीने वीसेक मिनिटं.

नोव्हेंबरात लीड्सचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, १९८७ पासून. लंडनसारखा झगमगाट नाही, आणि तेच बरं. दिग्दर्शक चहाच्या रांगेत तुमच्या मागे उभा असतो. पण आईंना न्यायचं ते ब्रुडनेल रोडवरच्या हाइड पार्क पिक्चर हाउसला. १९१४ च्या नोव्हेंबरात उघडलेलं थिएटर. आत अजून गॅसचे दिवे आहेत, विजेचे नव्हेत, गॅसचे, आणि सिनेमा चालू असताना ते मिणमिणते ठेवतात. अंधारात जोडप्यांनी भलते उद्योग करू नयेत म्हणून लावले होते म्हणे. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, पण दिवे तेच.

महोत्सवात तिथेच एका रात्री भयपटांचा अखंड जागर असतो. रात्री आत, सकाळी बाहेर. काकूंना नेऊ नका, तुम्ही जा.

नर्मदाकाठ

सासूला उलटं चालवलं! हे घरी वाचून दाखवलं. जावई हसला, सासूबाई हसल्या नाहीत.

अवांतर: फाळके १९१२ साली लंडनला आले, विल्यमसनचा कॅमेरा घेतला, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ बघितला, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याही आधी सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, इंग्लंडहून एकवीस गिनींना कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली होती. तेव्हा ब्रॅडफर्डच्या त्या काचेसमोर आपणही थोडा वेळ उभं राहायला हरकत नाही.

मधुरा_लीड्स

अहो, मी ब्रुडनेल रोडवरून आठवड्यातून दोनदा बसने जाते आणि मला ते लग्नाचं कार्यालय वाटायचं! लाज वाटली. वाचनखूण साठवली.

जुनापुराणा

धागा वाचून एक जुना प्रश्न आठवला: हे महोत्सव शरदातच का? मधुरा यांनी थंडीचं कारण दिलंय, ते अर्धंच खरं. व्हिक्टोरियन काळात या शहरांचे संगीत महोत्सव उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत भरायचे, आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या महोत्सवांचा हेतू संगीत नव्हताच. हेतू होता दवाखाना.

बर्मिंगहॅममध्ये १७६८ साली जनरल हॉस्पिटलचं बांधकाम पैशांवाचून अडलं होतं, म्हणून गाण्याचे जलसे ठेवले. त्यातून दर तीन वर्षांनी भरणारा मोठा महोत्सव उभा राहिला. नॉरिचचा त्रैवार्षिकही १८२४ पासून तिथल्या रुग्णालयासाठीच. मग नामवंत संगीतकारांना खास नव्या रचना करायला सांगायची चढाओढ लागली. मेंडेल्सोनने 'एलिजा' बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये १८४६ च्या ऑगस्टात स्वतः चालवून सादर केलं. द्वोर्झाकचं 'रेक्वियम' तिथलंच, ऑक्टोबर १८९१. लीड्सच्या टाउन हॉलचं उद्घाटन १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने केलं आणि त्याला जोडूनच तिथला पहिला महोत्सव झाला.

सगळ्यात रंगवून सांगावी अशी गोष्ट ३ ऑक्टोबर १९०० ची. बर्मिंगहॅमला एल्गारच्या 'ड्रीम ऑफ जिरॉन्टियस'चा पहिला प्रयोग. गायकवृंदाचे शिक्षक त्या जूनमध्ये अचानक वारले. त्यांच्या जागी निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं, त्यांना ते संगीत झेपेना. वाद्यवृंदाचा संचालक हान्स रिख्टरच्या हाती पूर्ण स्वरलिपी आली ती अगदी शेवटी. गायकवृंद सपशेल घसरला. एल्गार मोडून पडला. आज तीच रचना इंग्रजी संगीताचा कळस मानतात. आपल्याकडेही पहिल्या प्रयोगाला पडलेली आणि नंतर गाजलेली नाटकं आहेतच.

१९३१ च्या लीड्स महोत्सवात संगीतकार विल्यम वॉल्टनने 'बेलशॅझर्स फीस्ट' दिलं. महोत्सवात आधीच दुसऱ्या रचनेसाठी जादा पितळी वाद्यं जमलेली होती, तेव्हा वाद्यवृंद-संचालक थॉमस बीचमने सुचवलं की तुझं हे पुन्हा काही वाजायचं नाही, मग दोन ब्रास बँड घालून टाक. त्याने घातले. आणि ते अजून वाजतंय.

त्याच बर्मिंगहॅमची महापालिका २०२३ मध्ये आर्थिकदृष्ट्या कोलमडली आणि शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान आधी निम्मं आणि मग पूर्ण बंद करायचं ठरवलं. पूर्वी गाणं दवाखान्याला पोसायचं. आता दोघंही हात पसरून उभे आहेत.

कोरडा_पाऊस

जुनापुराणा यांना दंडवत. पहिल्यांदाच काहीतरी शिकलो इथे. तरी टीव्हीवर ठाम आहे.

बेलफास्टी

आमचंही घोडं दामटतो. बेलफास्टचा महोत्सव १९६२ पासून, क्वीन्स विद्यापीठात सुरू झालेला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो. १९६७ साली इथल्या व्हिटला हॉलमध्ये रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला, २७ नोव्हेंबरला, नेमका पंचविसाव्या वाढदिवशी. आमचे घरमालक तिथे होते असं ते सांगतात. बेलफास्टमध्ये साठी-सत्तरी ओलांडलेला प्रत्येक माणूस तिथे होता असं सांगतो, त्यामुळे सभागृह दादरच्या चौपाटीएवढं असावं.

व्हिसाचं मात्र बघा. इथे आलात तर ठीक, हा भाग ब्रिटनच्याच व्हिसात येतो, पण भटकत डब्लिनला जायचं ठरवलंत तर तो दुसरा देश आहे. आमच्या पाहुण्यांची एकदा फजिती होता होता राहिली.

मधुरा_लीड्स

बेलफास्ट या खेपेला जमणार नाही, पण लिहून ठेवलं. डरॅमला नदीकाठी आणि कॅथीड्रलवर प्रकाशाचे खेळ असतात ना, लुमिएर? तो नोव्हेंबरातच असतो, आईला दिव्यांची हौस आहे.

चकलीचा_सोऱ्या

होता. २००९ पासून एक वर्षाआड व्हायचा, २०२५ चा शेवटचा ठरला. मी एकदा गेलो होतो. इतकी गर्दी की कॅथीड्रलपेक्षा पुढच्याच्या टोपीचा गोंडा जास्त लक्षात राहिला. दिवेच हवेत तर ऑक्टोबरात लीड्समध्ये लाइट नाइट असते, फुकट. तारखा तेवढ्या जुळतात का बघा. नाहीतर दिवाळीत लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड.

आणि यॉर्कला नोव्हेंबरात लघुपटांचा इस्थेटिका महोत्सव. तटबंदीच्या आत सगळी ठिकाणं चालत जाण्यासारखी. लघुपट दहा-पंधरा मिनिटांचे, त्यामुळे कंटाळा आला तरी तोही दहा मिनिटांचाच.

तानपुरा_जवारी

काकांसाठी अजून एक, जरा धाडसाचं. हडर्सफील्डचा समकालीन संगीत महोत्सव. लीड्सहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. १९७८ पासून दर नोव्हेंबरात दहा दिवस, आणि गिरणीच्या गावात जॉन केज आणि बुलेझ यांच्यासारखे मोठे संगीतकार येऊन गेले आहेत. सोमवारी दिवसभर छोटे छोटे कार्यक्रम असतात, फुकट. मुख्य जागा सेंट पॉल्स हॉल, जुनं चर्च आहे.

इशारा: चाल नसते, ठेका नसतो, कधीकधी स्वरही नसतो.

कोरडा_पाऊस

म्हणजे सुतारकाम. गेलो होतो एकदा. एक बाई चेलोच्या लाकडावर गज घासत होती, वीस मिनिटं. मी घरी कपाट जोडताना यापेक्षा बरं वाजवतो.

तानपुरा_जवारी

मग कपाट घेऊन या, सोमवारी घेतीलही.

मधुरा_लीड्स (डिसेंबर)

धागा वर काढतेय. काय काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

लंडनला एक दिवस गेलो. आईने दुपारचा एक जॉर्जियन सिनेमा बघितला. दिग्दर्शिका आली होती, आईने मराठी वळणाच्या इंग्रजीत प्रश्न विचारला, म्हातारीच्या घरात आरसा का दाखवला नाहीस म्हणून. दिग्दर्शिका थांबली आणि म्हणाली की हे अजून कुणी विचारलं नव्हतं. परतीच्या गाडीत पीटरबरोपर्यंत आई एक शब्द बोलली नाही, नुसती खिडकीत बघून हसत होती. दरबारच्या तारखा चुकल्या, त्याचं बाबांना वाईट वाटलं.

हाइड पार्कला दोनदा गेलो. गॅसचे दिवे कशासाठी हे कळल्यावर आई म्हणाली, "आमच्याकडे त्यासाठी डोअरकीपर असायचा. बॅटरी मारायचा तोंडावर. हे जास्त सभ्य आहे." खेळ सुरू झाल्यावर मी पडद्याऐवजी बराच वेळ दिव्यांकडेच बघत होते. भिंतीवर देवघरातल्या समईएवढा उजेड, आणि त्यात लोकांचे नुसते खांदे दिसत होते.

हडर्सफील्डला बाबा आणि मीच गेलो, सोमवारी. आई म्हणाली सुतारकाम तुम्ही बघा. तिसऱ्या कार्यक्रमाला एक मुलगी मोठं अकॉर्डियन घेऊन बसली. तिने भाता उघडला, आणि स्वर नाहीच. नुसती हवा. फुस्स करून आत, फुस्स करून बाहेर. बाबा माझ्या कानात म्हणाले, "भाता फाटलाय हिचा." मी गप्प बसा म्हटलं. ते गप्प बसले, पण हळूहळू पुढे सरकत खुर्चीच्या कडेवर आले. मुलीने हवेच्या मागून कुठूनतरी एकच बारीक स्वर आणला, तो वाढवला नाही, तसाच सोडून दिला. बाबांचा डावा हात मांडीवर भाता मारत होता. त्यांना ते कळलंही नसावं.

संपल्यावर ते सरळ तिच्यापाशी गेले. इंग्रजी बेताचं, पण पेटीवाल्याला पेटीवाला कळतो. हवा जाते कुठून, असं त्यांनी खुणेने विचारलं. तिने डाव्या बाजूचं बटण दाखवलं. ते दाबलं की एकही स्वर न उमटता हवा खेळते. बाबांनी स्वतः दाबून बघितलं, दोनदा. मग मला म्हणाले, "हिला सांग, आमच्या पेटीला ही सोय नाही. आमची पट्टी दाबली नाही तर भाता अडून बसतो." मी सांगितलं. ती म्हणाली, मग तुमची पेटी जास्त हट्टी आहे. बाबांना हे फार आवडलं.

गेल्या आठवड्यात ते दोघं सोलापूरला पोचले. काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी पेटी दाखवली. दीड महिना बंद होती, उघडून बघितली तर भात्याच्या घडीत एक चीर गेली आहे, स्वर न दाबता हवा निघते. आई मागून ओरडत होती की दुरुस्तीला कधी देणार, भजन गुरुवारी आहे.

बाबांनी अजून दिलेली नाही.